लाळेच्या तीन नळ्या

ताई,
माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. साडेतीन वर्षांचा असताना त्याला ऑटिझम असल्याचं निदान झालं. गेल्या महिन्यात एका संशोधन गटाने आम्हाला विचारलं: मुलाची, माझी आणि त्याच्या बाबांची लाळ तपासायची आहे, शिवाय काही प्रश्नावल्या भरून हव्या आहेत. तीन नळ्या घरी आल्या आणि तेव्हापासून घरात स्वस्थता नाही. सासूबाई म्हणतात, ‘आमच्याकडे असं कुणी नाही, एकदा काय ते कळूच दे.’ मला सातव्या महिन्यात ताप आला होता, मी पॅरासिटामॉल घेतली होती, आठव्या महिन्यापर्यंत नोकरी केली, हे सगळं त्या मोजून दाखवतात. यांनी आधी होकार दिला होता. प्रश्नावली भरताना एका रात्री म्हणाले, ‘यातलं निम्मं माझ्याबद्दलच लिहिलंय,’ आणि त्यानंतर त्यांनी नळीला हात लावलेला नाही. विषय काढला की उठून जातात. आम्हाला दुसरं मूल हवं आहे, पण धीर होत नाही. नळ्या द्याव्यात का? हे माझ्यामुळे झालं का? आणि या संशोधनातून माझ्या मुलाला काय मिळणार? हात सुकवायच्या यंत्राचा आवाज आला तरी तो कान दाबून खाली बसतो. त्याचं कुणी काही सांगेल का?
– एक आई

तुमच्या प्रश्नांपैकी मधला आधी घेते, कारण झोप उडवणारा तोच असतो. नाही, तुमच्यामुळे झालेलं नाही.

मी बरीच वर्षं बालविकास केंद्रात पालकांशी बोलण्याचं काम केलं. एकदा एक आई वही घेऊन आली होती. गरोदरपणातला एकेक दिवस तिने आठवून लिहून काढला होता: कुठे पाय घसरला, कधी रडू आलं, कोणती गोळी घेतली, कुणाच्या घरी ताज्या रंगाचा वास आला. यातली कोणती नोंद कारणीभूत आहे त्यावर मी खूण करावी, असं तिचं म्हणणं होतं. मी वही मिटून परत दिली, तर तिला हायसं वाटलं नाही, ती चिडली. चूक आपली असली तर निदान काहीतरी हातात तरी होतं, असं माणसाला वाटतं. तुमच्या घरी ती वही सासूबाईंनी हातात घेतली आहे, एवढाच फरक.

आईला दोष देण्याची ही रीत एकट्या सासूबाईंची नाही. मोठमोठ्या डॉक्टरांनी ती चालवली. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत अकरा मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली आणि ऑटिझम हे नाव लहान मुलांच्या संदर्भात रूढ झालं. (त्यांच्याही आधी, १९२०च्या दशकात, ग्रुन्या सुखारेव्हा या सोव्हिएत डॉक्टर बाईंनी सहा मुलांचं फार बारकाईने वर्णन केलं होतं. ते कितीतरी वर्षं दुर्लक्षित राहिलं, याची मला आजही हळहळ वाटते.) हे वेगळेपण जन्मजात असावं असं कॅनर यांनी त्याच लेखात म्हटलं होतं. पण पालक थंड स्वभावाचे दिसतात अशीही नोंद त्यांनी केली, आणि जगाने नेमकी ती उचलली. पुढची दोन-तीन दशकं असंख्य आयांना सांगितलं गेलं की तुमच्या मायेत ऊब नव्हती म्हणून मूल असं झालं. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड यांनी पुराव्यानिशी याचा प्रतिवाद केला आणि कारण जैविक असणार असं मांडलं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. १९६९ मध्ये खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत उभं राहून आईवडिलांना दोषमुक्त केलं. पण तोवर एक अख्खी पिढी अपराधी म्हणून जगून झाली होती.

तुमच्या तापाच्या प्रश्नाला सगळ्यात सरळ उत्तर मला १९७७च्या एका अभ्यासात दिसतं. तो तसा लहानच होता. ब्रिटनमध्ये सुसान फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या शोधल्या, ज्यांत किमान एका भावंडाला ऑटिझम होता. ११ जोड्या एकबीज होत्या, म्हणजे दोघांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी. १० द्विबीज होत्या, म्हणजे साध्या भावंडांइतकंच साम्य. एकबीज ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता. द्विबीज जोड्यांत असं एकदाही दिसलं नाही. भाषा किंवा आकलनातल्या सौम्य अडचणीही धरल्या तर आकडे झाले ११ पैकी ९ आणि १० पैकी १. आता विचार करा. जुळी एकबीज असोत की द्विबीज, गर्भाशय एकच. आईला ताप आला तर दोघांनाही आला, गोळी घेतली तर दोघांपर्यंत पोचली, आई ऑफिसला गेली तर दोघंही गेली. मुख्य कारण तिथे असतं तर दोन्ही प्रकारच्या जोड्यांमध्ये एवढी तफावत दिसली नसती.

त्यानंतर हाच प्रश्न कितीतरी मोठ्या प्रमाणावर विचारला गेला. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, इस्राएल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया इथल्या वीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात ऑटिझमची आनुवंशिकता सुमारे ८० टक्के निघाली. आईच्या प्रकृतीमुळे किंवा गर्भाशयातल्या वातावरणामुळे म्हणून जो वेगळा परिणाम मोजला, तो जवळजवळ नगण्य होता. ८० टक्के म्हणजे तुमच्या मुलाचा ८० टक्के ऑटिझम आईबापांकडून आला, असा हिशेब मात्र करू नका. हा आकडा एका मुलाबद्दल बोलतच नाही. एवढ्या लोकसंख्येत कुणाला ऑटिझम आहे, कुणाला नाही, या फरकामागे जनुकीय फरकांचा वाटा किती, एवढंच तो सांगतो.

पॅरासिटामॉलबद्दल स्वतंत्र सांगते, कारण तुम्ही नाव घेऊन विचारलं आहे. स्वीडनमध्ये १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या सुमारे २५ लाख मुलांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. वरवर पाहता गोळी घेतलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण किंचित जास्त दिसलं. मग संशोधकांनी सख्ख्या भावंडांची तुलना केली, एकाच्या वेळी आईने गोळी घेतलेली आणि दुसऱ्याच्या वेळी न घेतलेली. तो किंचितसा फरकही नाहीसा झाला. म्हणजे फरक गोळीमुळे नव्हता, घराघरांतल्या इतर भेदांमुळे होता. तापात गोळी घेतलीत, ते योग्यच केलंत.

गर्भारपणातल्या कशाचाच संबंध नसतो, असं मात्र मी म्हणणार नाही. फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट हे औषध गरोदरपणात घेतलं तर शक्यता वाढते, फार लवकर जन्मलेल्या बाळांत ती जास्त असते, आणि आईला गरोदरपणी रुबेला झाला तरीही. १९६४च्या सुमाराला अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली होती. त्या साथीत पोटात असलेल्या मुलांचा स्टेला चेस यांनी पुढे पाठपुरावा केला, तेव्हा त्यांच्यात ऑटिझम कितीतरी जास्त आढळला. याच रुबेलापासून वाचवणारी लस एमएमआर, आणि तिच्यामुळेच ऑटिझम होतो असा डांगोरा १९९८ साली अवघ्या बारा मुलांवरच्या एका लेखातून पिटला गेला! तो लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला. डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या २०१९च्या अभ्यासातही लसीशी संबंध सापडला नाही. मुलाची एखादी लस राहिली असेल तर ती देऊन टाका.

आता नळ्यांकडे येते. त्या तीनच का, हे तुम्हाला कुणी सांगितलं का? सांगायला हवं होतं.

ऑटिझमशी संबंधित जनुकीय फरक ढोबळमानाने दोन तऱ्हांचे असतात. पहिले अगदी सामान्य, आपणा सगळ्यांत विखुरलेले. प्रत्येकाचा परिणाम कणभर, पण असे हजारो असतात. आईकडून काही, वडिलांकडून काही असे एका मुलात जास्त संख्येने जमले की पारडं झुकतं. ते आईत किंवा वडिलांत सुटे असताना त्यांचा कुणाला पत्ताही लागत नाही. लोकसंख्येत ऑटिझमकडे जो आनुवंशिक कल असतो, त्यातला मोठा हिस्सा याच साध्या फरकांचा आहे. दुसरे फरक दुर्मीळ, पण एकेकटे ताकदवान असतात. त्यांतले बरेचसे ना आईत असतात ना वडिलांत. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना डीएनएची नक्कल उतरवली जाते, तेव्हा एखादं अक्षर बदलतं आणि ते मुलात पहिल्यांदाच उमटतं. असे साधारण साठ-सत्तर नवे बदल तुमच्या-माझ्यासह प्रत्येक माणसात असतात. बहुतेक निरुपद्रवी जागी पडतात, क्वचित एखादा महत्त्वाच्या जनुकात पडतो. २०१२ मध्ये आइसलँडमधल्या कुटुंबांच्या अभ्यासात दिसलं की वडिलांच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे असे सुमारे दोन बदल वाढतात.

हा नवा बदल ओळखायचा तर मुलाचा डीएनए आईवडील दोघांच्याही डीएनएशी ताडून पाहावा लागतो. म्हणून तीन नळ्या. दोनच मिळाल्या तर कोणता फरक नवा आणि कोणता घरातलाच, हे नीट सांगता येत नाही. अशा त्रिकुटांमुळेच हे शास्त्र पुढे गेलं. २०२० मध्ये साडेपस्तीस हजार लोकांचा जनुकीय अभ्यास आला, त्यात ऑटिझमशी जोडलेली १०२ जनुकं निश्चित झाली. सासूबाईंना हे जमेल तेव्हा शांतपणे सांगा: ‘कुणाकडून आलं’ याचं त्यांना हवं तसं उत्तर या नळ्यांत मिळायचं नाही. दोन्हीकडून आलेलं असू शकतं, कुणाकडूनच आलेलं नसू शकतं, आणि बऱ्याच घरांत तर ठोस असं काहीच सापडत नाही. शिवाय ‘आमच्याकडे असं कुणी नाही’ हे त्या कशाच्या आधारावर म्हणतात? त्यांच्या तरुणपणी ऑटिझमचं निदान फक्त अगदी न बोलणाऱ्या, ठळक लक्षणं असलेल्या मुलांचं होत असे. लॉर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी १९७९ मध्ये लंडनच्या एका भागातली मुलं तपासून दाखवलं की हे चित्र फार रुंद आहे, आणि पुढे विंग यांनीच त्याला स्पेक्ट्रम, म्हणजे अनेक छटांचा पट्टा, म्हणायला सुरुवात केली. विंग यांची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक होती. त्याआधीची माणसं फक्त ‘तऱ्हेवाईक’, ‘एकलकोंडी’, ‘फार हुशार पण माणूसघाणी’ या नावांनी ओळखली गेली.

म्हणूनच तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मला यजमानांची वाटते. ‘यातलं निम्मं माझ्याबद्दलच लिहिलंय.’ अहो, केवढं मोठं वाक्य आहे हे! आणि ते रात्री, फक्त तुमच्याजवळ बोललं गेलं.

ऑटिस्टिक मुलांच्या आईवडिलांत आणि भावंडांत त्याच स्वभावाच्या सौम्य छटा दिसणं हे संशोधकांना फार वर्षांपासून माहीत आहे. १९७७च्या त्या जुळ्यांमध्येही ते दिसलंच होतं. काही पालकांना मुलाच्या निदानानंतर, तिशी-चाळिशीत, स्वतःचंही निदान मिळतं. काहींमध्ये तेवढं नसतं, फक्त नातं सांगण्याइतकं साम्य असतं. तुमचे यजमान यांपैकी कुठे आहेत ते मी सांगू शकत नाही, आणि प्रश्नावलीही सांगू शकत नाही. तिचं काम चाचपणीचं आहे, निदान अनुभवी तज्ज्ञ प्रत्यक्ष भेटून आणि बालपणाचा इतिहास विचारूनच करतात. पण ते उठून जातात तो हट्ट नसावा. ज्या घरात रोज ‘कुणामुळे झालं’ याचा निवाडा चालला आहे, तिथे स्वतःहून पिंजऱ्यात उभं राहायला कोण येईल? शिवाय त्यांच्या मनात आत्ता संशोधनापेक्षा स्वतःची शाळा, स्वतःचं एकटेपण, कुणी कधी मारलेले टोमणे हे सगळं वर येत असेल. तेव्हा नळीचा विषय काही दिवस बाजूला ठेवा. त्यांना एवढंच विचारा, की लहानपणी तुला कोणता आवाज सहन व्हायचा नाही? समोरासमोर बसून नको. चालताना, भांडी आवरताना, गाडीत शेजारी बसून विचारा. उत्तर दोन दिवसांनी आलं तरी चालेल.

हा प्रश्न सुचवण्यामागे कारण आहे, आणि ते तुमच्या मुलाच्या कान दाबण्याशी जोडलेलं आहे. आवाज, स्पर्श, प्रकाश यांची तीव्र जाणीव ही कितीतरी वर्षं ऑटिझमची किरकोळ बाजू मानली गेली. ऑटिस्टिक माणसं कळवळून सांगत होती, तरी अमेरिकेच्या निदान-नियमावलीत ती २०१३ मध्ये आली. २०१५च्या एका अभ्यासात मुलांना स्कॅनरमध्ये झोपवून गर्दीच्या रहदारीचा आवाज ऐकवला आणि त्याच वेळी हातावर खरखरीत लोकरी कापड घासलं. बहुतेक मुलांचा मेंदू थोड्या वेळाने सरावला, प्रतिसाद ओसरला. ज्या ऑटिस्टिक मुलांना घरीही अशा गोष्टींचा फार त्रास व्हायचा, त्यांच्या मेंदूत तो ओसरला नाही. पुन्हापुन्हा तेच झालं तरी जवळपास पहिल्यासारखाच. ‘सवय होईल हळूहळू’ म्हणून आपण ज्या मुलाला त्या यंत्रासमोर उभं करतो, त्याच्या मेंदूत ती सवय आपल्यासारखी होतच नसेल, तर आपण त्याला नुसतं सोसायला लावत असतो. कान झाकणारे हेडफोन लावून द्या, हात रुमालाला पुसू दे. त्यात लाड कसले?

असं का होतं याचा एक धागा पेशींपर्यंत जातो. मेंदूत काही चेतापेशी संदेश पुढे ढकलतात, काही त्याला लगाम घालतात, आणि या दोघींचा तोल ऑटिझममध्ये वेगळा असावा हा विचार २००३ पासून मांडला जातो आहे. २०२२ मध्ये संशोधकांनी मानवी मूळपेशींपासून प्रयोगशाळेत मेंदूच्या ऊतींचे वाटाण्याएवढे गोळे वाढवले आणि त्यांत ऑटिझमशी जोडलेली तीन वेगवेगळी जनुकं एकेक करून बिघडवली. तिन्हींचं नेहमीचं काम वेगळं, तरी परिणाम एकाच ठिकाणी येऊन मिळाला: काही ठरावीक प्रकारच्या चेतापेशी, लगाम घालणाऱ्यांसह, पक्व होण्याचं वेळापत्रक बदललं. हे वेळापत्रक गर्भावस्थेतलं आहे. जन्मानंतरही खुणा लवकर दिसतात. ज्यांच्या थोरल्या भावंडाला ऑटिझम आहे अशा बाळांचे एमआरआय २०१७च्या एका अभ्यासात तपासले, तर पुढे ज्यांना निदान मिळालं त्यांच्या मेंदूच्या बाह्यावरणाचं क्षेत्रफळ सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यानच जास्त वेगाने वाढलेलं होतं. त्या वयात वागण्यातून अजून काही ओळखूही येत नाही. मोबाइलमुळे झालं, पाळणाघरात ठेवल्यामुळे झालं, कुणी बोललं नाही म्हणून झालं, असं सांगणाऱ्यांना हे अवश्य ऐकवा.

आणि फक्त उणिवाच सापडल्या असंही नाही. १९८३ मध्ये अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांनी गुंतागुंतीच्या चित्रात दडलेला आकार शोधायला दिला, त्यात ऑटिस्टिक मुलं सरस ठरली. १९८५च्या एका गाजलेल्या प्रयोगानंतर मात्र ‘यांना दुसऱ्याचं मन कळत नाही’ हे वाक्य फार फिरलं. इतकं की लोक त्याचा अर्थ ‘यांना माया नाही’ असा घेऊ लागले. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने उलट विचारलं: समजण्याची अडचण दोन्ही बाजूंनी आहे, मग एकाच बाजूला तिचा ठपका का? २०२० मध्ये ते तपासलं गेलं. एक गोष्ट कानोकानी पुढे सांगत न्यायची होती. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती तितकीच नीट पोचली जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. मिश्र साखळीत गळती जास्त झाली. मला ऑटिझमसाठी आपण वापरतो तो ‘स्वमग्नता’ हा शब्द याच कारणाने कधी पटला नाही. स्वतःत बुडालेला, असा त्याचा अर्थ लागतो, आणि मूल मात्र बिचारं बाहेरच्या प्रत्येक आवाजाने हादरत असतं. तुमच्या मुलाला त्याच्या बाबांचं आणि बाबांना मुलाचं काही न बोलता समजतं, असं तुमच्या पाहण्यात आलं आहे का? आलं असेल, तर सासूबाईंनाही ते दाखवा.

या संशोधनातून त्याला काय मिळणार, हा तुमचा प्रश्न. मी खोटी आशा लावणार नाही. तुमच्या लाळेतून पुढच्या वर्षी औषध निघणार नाही. ऑटिझमच्या मूळ वैशिष्ट्यांवर चालेल असं मान्यताप्राप्त औषध आज नाही. रिस्पेरिडोन आणि अ‍ॅरिपिप्राझोल ही दोन औषधं आहेत, पण ती तीव्र चिडचिड आणि आक्रमकतेसाठी. ऑक्सिटोसिन या संप्रेरकाच्या नाकात मारायच्या फवाऱ्याचा मोठा गाजावाजा झाला होता. २९० मुलांवरच्या नीट आखलेल्या चाचणीत, २०२१ मध्ये, तो खोट्या फवाऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. मूळपेशींची इंजेक्शनं, शरीरातले धातू काढणारी चिलेशनची औषधं, हे कुणी सुचवलं तर सरळ उठून या. चिलेशनने मुलं दगावलेली आहेत. पोटातल्या जंतूंमुळे ऑटिझम होतो असं सांगून चाचण्या आणि पथ्यं विकणारेही भेटतील. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये २४७ मुलांचा अभ्यास झाला, तेव्हा धागा उलटा निघाला: मुलं मोजकेच पदार्थ खातात म्हणून जंतूंची विविधता कमी होते. पोटदुखी, बद्धकोष्ठ असेल तर त्यावर जरूर उपचार करा, ते त्याच्या सुखासाठी.

मग मिळतं काय? थोड्या मुलांमध्ये नेमकं जनुक सापडतं, आणि मग फिट्स येऊ शकतात का, हृदय-मूत्रपिंडाची तपासणी करावी का, हे आधी कळतं. हे ‘थोड्या’ लक्षात ठेवा. बाकी लाभ सावकाश आणि सगळ्यांचा मिळून. २०२५ मध्ये पाच हजारांहून अधिक मुलांच्या माहितीतून ऑटिझमचे चार निराळे गट मांडले गेले, आणि त्यांची जनुकीय ठेवणही वेगवेगळी दिसली. आज एकाच नावाखाली अगदी भिन्न गरजांची मुलं एकाच रांगेत उभी आहेत. ती रांग उलगडायची असेल तर तुमच्यासारख्या घरांची मदत लागणार. पण माझी तक्रारही ऐका. ब्रिटनमध्ये २०१३ साली ऑटिझम संशोधनाच्या खर्चाचा हिशेब मांडला गेला, तेव्हा निम्म्याहून जास्त पैसा जीवशास्त्र, मेंदू आणि आकलन यांवर गेला होता आणि सेवांवरच्या संशोधनाच्या वाट्याला अगदी थोडा. बोलायला कसं शिकवावं, शाळा कशी सुसह्य करावी, मोठेपणी नोकरी आणि घर कसं मिळावं, याच्या संशोधनाला भुकेलं ठेवून नुसती जनुकं मोजणं मला मान्य नाही.

ऑटिस्टिक माणसांनाही ते मान्य नाही. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये दहा हजार जणांचा डीएनए गोळा करायचा मोठा प्रकल्प जाहीर झाला आणि काही आठवड्यांतच थांबवावा लागला. आमचा डीएनए पुढे कोण वापरणार, आमच्यासारखी माणसं जन्मालाच येऊ नयेत म्हणून तर नाही ना, हे प्रश्न त्यांनी विचारले होते. हे प्रश्न रास्त आहेत. तुमच्या यजमानांच्या मनात ते असतील तर त्यांना उडवून लावू नका. संमतीपत्रावर सही करण्याआधी तुम्हीही विचारा: निकाल आम्हाला सांगणार का, की नाही? (पुष्कळ संशोधनांत सांगत नाहीत.) नमुने किती वर्षं ठेवणार, कुणाला देणार, नाव कसं झाकणार? भलताच एखादा आजार दिसला तर कळवणार का? उद्या माघार घेतली तर नमुना आणि माहिती खरोखर नष्ट होईल का? या अभ्यासाच्या आखणीत ऑटिस्टिक माणसं होती का? उत्तरं आढेवेढे घेत मिळाली तर नळ्या परत करा.

दुसऱ्या बाळासाठी मात्र संशोधनाच्या नळ्यांवर विसंबू नका. त्यासाठी जनुकीय समुपदेशकाकडे जा आणि मुलाची वैद्यकीय जनुकीय तपासणी वेगळी करून घ्या. गुणसूत्रांची मायक्रोअ‍ॅरे चाचणी आणि फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक विकाराची चाचणी सहसा सुचवतात. सर्वसाधारण आकडा असा: २०२४च्या मोठ्या अभ्यासात, थोरलं भावंड ऑटिस्टिक असलेल्या बाळांपैकी सुमारे २० टक्क्यांना पुढे ऑटिझमचं निदान मिळालं. पाचांतलं एक. मुलाच्या तपासणीत नवा, आईवडिलांत नसलेला बदल सापडला, तर तोच बदल पुढच्या बाळात येण्याची शक्यता बरीच कमी असते. पाचांतलं एक हे जास्त की कमी, ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. हे ‘दोघांनी’ मी मुद्दाम म्हणते आहे. त्यात सासूबाईंचं मत धरायचं नाही.

माझं मत विचारलंत तर, वरच्या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली आणि यजमान मनापासून तयार झाले तर नळ्या द्या. ते तयार नसतील तर एकही देऊ नका, आणि त्यावरून त्यांना पुन्हा कधी बोलू नका. काही संशोधन गट दोनच नमुनेही घेतात, पण यजमानांना चुकवून मागच्या दाराने तसं करणं नको.

आणि दिल्याच, तर मुलाची नळी शेवटी ठेवा. लाळ देण्याआधी अर्धा तास खायचं-प्यायचं नसतं, एवढं पाळायचं. सहा वर्षांच्या मुलाला नळीत थुंकणं जमेलच असं नाही. अशांसाठी गालाच्या आतून फिरवायची स्पंजची काडी मिळते, ती आधीच मागवून घ्या. काडी त्याला चार दिवस नुसती हाताळू द्या. मग त्याच्यासमोर आधी बाबांनी लाळ द्यावी, मग तुम्ही. त्याने मान फिरवली तर त्या दिवशी पाकीट बंद करा आणि गटाला तसं कळवा.